चंपाच्या डोक्याचा फोटो

बेडसे गावातल्या शालनला आशाताईच्या कामात कुणी कधी नावं ठेवली नाहीत. बारा वर्षं ती घरोघरचे उंबरे झिजवते आहे. बोलायला अशी गोड की रुसलेली सासूही लसीला नातू घेऊन यावी. त्या गोड बोलण्यानंच घात केला.

पुण्याहून तेजल मॅडम संशोधनासाठी आल्या. तंबाखूची मशेरी दातांना घासणाऱ्या बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवायचं, मशेरी सोडण्याचे संदेश दाखवायचे आणि मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते टिपायचं. तोंडानं सगळ्याच 'सोडते' म्हणतात. खरंच कोण सोडेल हे मेंदूवरून ओळखता येतं का, ते त्यांना पाहायचं होतं. "ही आजाराची तपासणी नाही, हे प्रत्येकीला सांगा," असं त्यांनी शालनला दोनदा बजावलं.

पण तपासणी नाही म्हटल्यावर भातकाढणी टाकून पुण्याला येतंय कोण? दहाजणी हव्या होत्या, नऊवर गाडी अडली. मग शालननं शेजारच्या चंपाला गाठलं. "अगं, येवढ्या मोठ्या मशीनीत तपासून मिळतंय फुकाट. चल की!"

चंपा हरखूनच गेली. पुण्यात मशीनपाशी धातू चालत नव्हता; तिची जोडवी निघेनात, ती शालननं साबण लावून काढली. मॅडमनी संमतीचा कागद वाचून दाखवताना 'तपासणी नाही' म्हटलंही. पण चंपाचं सगळं लक्ष मशीनच्या धडधडीकडे, आणि शालननं तिला मान डोलवायची खूण केली.

चार महिन्यांनी मॅडमचा फोन आला, कुणी कुणी मशेरी सोडली ते विचारा. शालन आधी चंपाकडे गेली. "डबी तवाच फेकली," चंपा म्हणाली. शालननं तिथूनच फोन लावला. मॅडमही खूश. नातीचा फोटो असलेला संदेश पाहताना चंपाचा मेंदू सगळ्यांत जास्त जागा झाला होता. त्यांचा अंदाज खरा ठरला होता.

फोन ठेवल्यावर शालनला दिसलं, चंपा भाकरी दुधात कुस्करून खातेय.

"गालात आतून फोड हाय. तिखट सोसंना."

"कवापासनं?"

"मशीनीच्या आदीपासनं. पर तितं समदं तपासलंय की. काय असतं तर सांगितलं नसतं व्हय त्यांनी?"

 शालननं चंपाचं तोंड उघडून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोट लावून पाहिलं. तुकडा तपासायला पाठवावा लागेल म्हणाले. मग फोड कधीचा ते ऐकून चिडून विचारलं, "चार महिन्यांपूर्वी का नाही आलात?"

"आलो हुतो की," चंपा म्हणाली, "हिनंच मोठ्या मशीनीत तपासून आणलं."

शालनला गप्प बसता आलं असतं. तिला स्वतःचीच किळस आली. "डॉक्टर, ती तपासणी नव्हती. मला ठाऊक होतं. दहावी बाई मिळावी म्हणून मी हिला खोटं सांगितलं."

चंपानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाली, "हिचं काय ऐकू नका. लय जीव हाय हिचा माज्यावर, म्हणून समदं सोताच्या अंगावर घेती."