पन्नास डिग्रीच्या पुढचा मीटर

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तिकाटण्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, ठेवलेला लिंबू-नारळाचा उतारा ओलांडून जाणारा माणूस मी. पण हे मी स्वतः पाहिलंय...

उचगावच्या बाजूला एका फाउंड्रीत मी रेडिएशन सेफ्टी बघतो. हाडांचा एक्स-रे काढतात तसा आम्ही कास्टिंगचा, म्हणजे ओतीव लोखंडी भागांचा, काढतो, किरणोत्सर्गी सोर्स वापरून. जाड भिंतींच्या खोलीत हरभऱ्याएवढा सोर्स बाहेरून हँडल फिरवून नळीत सोडायचा, काम झालं की डब्यात परत घ्यायचा. मग फिल्म बदलायला आत जाताना हातात किरणं मोजणारा सर्व्हे मीटर. सुई चढली तर सोर्स बाहेरच आहे असं समजायचं. हा मीटर पन्नास डिग्रीच्या वर तापू देऊ नये, बंद पडतो, असं मी दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. माझा आवाजही तेवढाच मोठा.

गेल्या मे महिन्यात, दुपारी चारला, आमचा ऑपरेटर आनंदा यानं सोर्स परत घेतला. चाळिशीचा माणूस, कामाला वाघ. मीटर घेऊन तो आत शिरला, मी मागेच. तीन पावलं टाकली असतील — सुई सण्णकन शेवटच्या टोकाला! त्याच्या खांद्यावरून मलाही दिसली. दोघंही आल्या पावली बाहेर.

सोर्स नळीतच अडकला होता. चौथ्या खेपेला कसाबसा डब्यात बसला. फिल्म बदलायला नळीच्या तोंडाशीच हात घालावा लागतो... आनंदाचे दोन्ही हात गेले असते.

 आनंदा म्हणाला, "सायेब, ह्यो मीटर सकाळीच मेलाय."

सकाळी त्यानं तो वाळूतून नुकत्याच काढलेल्या कास्टिंगवर ठेवला होता. लाली जाऊन काळं पडलं की ते थंडच वाटतं, पण धग असते. मीटरचं बूड वितळलं. जेवणाआधी मीटर तपासायच्या छोट्या टेस्ट सोर्सला लावून पाहिला, तर सुई हललीच नाही. मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"तुमी वरडला असता."

मला फार लाज वाटली. माझ्या ओरडण्याला भिऊन हा माणूस मेलेला मीटर घेऊन आत गेला होता.

मीटर मी स्वतः तपासला. शून्य. सेल बदलले, तरी शून्य. लॅबनं उघडून कळवलं, आतली ट्यूब तडकलीय, वायर सुटलीय, सुई हलणं शक्यच नाही. तुम्हाला भास झाला असेल म्हणाले. दोघांना, एकाच वेळी?

अंगावर किती किरणं पडली ते नोंदवणाऱ्या आनंदाच्या बिल्ल्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. तेव्हापासून मी ओरडणं सोडलंय. आता काही पडलं-मोडलं तर माणसं आधी माझ्याकडे येतात.

खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत आनंदानं तो मीटरही मांडला. 'वापरू नये' या माझ्या स्टिकरवरच हळदीकुंकू. मी पन्नास डिग्रीचं परत समजावू लागलो, हळू आवाजात. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी लिवलंय ते खरं हाय, सायेब. पर ते ह्या मीटरनं कुठं वाचलं हुतं?"

 आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून मी एक झेंडूचं फूल उचललं आणि मीटरवर ठेवलं.