रंगरावांची पांढरी भिंत

आमच्या कारखान्यात तीनशे माणसं रंग बनवतात आणि एकच माणूस त्यांना नावं ठेवतो. तो माणूस म्हणजे माझे भावोजी, ताईचा नवरा. कारखान्यात त्यांना सगळे रंगराव म्हणतात. मी त्याच कारखान्यात, पण खाली गोदामात. डबे गाडीत चढवून घेतो. ते दुसऱ्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीपाशी बसतात. प्रयोगशाळेतून त्यांच्याकडे तळहाताएवढ्या रंगवलेल्या पट्ट्या येतात, मागे नुसता नंबर. भावोजी पट्टी उजेडात धरतात, डोळे बारीक करतात, चहा मागवतात, आणि दुपारपर्यंत त्या नंबरचं 'भिजलेली वीट' किंवा 'आजीची शाल' झालेलं असतं. वर्षाला अशी चाळीस नावं. म्हणजे नऊ दिवसांना एक. एवढ्या ढोरमेहनतीने त्यांचं डोकं शिणतं, आणि म्हणून नवीन वर्षाआधी त्यांना विश्रांती लागते.

"मन म्हणजे ब्रश आहे," ते सांगत. "वर्षभर वापरलास की धुवायला नको?"

हे धुणं त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत चालायचं. खोलीत एक खुर्ची आणि समोर पांढरीशुभ्र भिंत. भावोजींनी रोज त्या भिंतीकडे बघत बसायचं, म्हणजे वर्षभराचे रंग मनातून उतरतात. टीव्ही बंद, पेपर बंद. त्यांच्या नजरेस पडणाऱ्या प्रत्येक माणसाने पांढरे कपडे घालायचे. कुकरची शिट्टी वाजू द्यायची नाही, म्हणून ताई सगळं पातेल्यात शिजवायची. दाराची घंटा फडक्यात गुंडाळलेली. दार वाजवणाऱ्याला परतवायला बाहेर स्टुलावर मी, कारण सगळ्या जगात फुकटचा माणूस मेहुणाच असतो. भावोजींची विश्रांती संपेपर्यंत आम्ही दोघं आडवे झालेले असायचो. पूर्वी हे प्रकरण आठ दिवसांचं होतं. मग दहा, मग बारा. यंदा त्यांनी पंधरा दिवसांची रजा टाकली, तीही बारा पट्ट्यांची नावं बाकी असताना.

"रंगरावांना सांगा, दोन जानेवारीला शेड कार्ड छपाईला जाणार," नवीन मॅनेजर मला म्हणाला. "नावं आली तर ठीक. नाहीतर नंबर छापू. नंबर काही वाईट नसतात." त्याच्या तोंडावरून दिसत होतं की त्याला नंबरच आवडतात, आणि एकदा नंबर छापले की दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकीही त्याला दुसऱ्या कशाला तरी हवी होती.

भिंतीला दर डिसेंबरात पांढऱ्याचे दोन हात मारावे लागत. एका वर्षी रंगाऱ्याने पांढऱ्यात निळीचा एक थेंब टाकला होता. तो थेंब मला दिसला नाही, ताईला दिसला नाही, टाकणाऱ्यालाही बहुधा दिसला नसेल. भावोजींनी दारातूनच ओळखला, आणि भिंत पुन्हा रंगवून घेतली. दुसऱ्या एका वर्षी मी चुकून जांभळा स्वेटर घालून समोर गेलो, तर सहाव्या दिवशी त्यांनी विश्रांती पहिल्यापासून सुरू केली.

पांढऱ्याचा डबा आणायचं काम माझं. यंदा मी विसरलो. आठवण झाली तेव्हा गोदामाला वर्षअखेरच्या मोजणीसाठी कुलूप लागलं होतं आणि किल्ली मॅनेजरकडे होती. भिंतीवर पावसाळ्यात आलेली ओल तशीच.

"गेल्या वर्षी तू रोलरने स्वयंपाकघर रंगवलंस, त्यातला अर्धा डबा आहे," ताई म्हणाली.

"अगं, तो लोणकढं!" हे नाव भावोजींनीच दिलेलं. साजूक तुपासारखा पिवळा, भरपूर पिवळा.

"मग काय ओल बघत बसतील? मार तू. ओरडतील, आणतील स्वतः डबा. तेवढीच आपली दोन दिवस सुटका."

मी रोलरने एक हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी पांढरा सदरा घालून आत गेले आणि दार लावून घेतलं. ताई आणि मी बाहेर कान टवकारून उभे. ताईने तर उत्तरंही तयार ठेवली होती. एक मिनिट गेलं. पाच गेली. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, कारण ते गुंडाळायचं राहिलं होतं.

अकरा वाजता भावोजी चहाला बाहेर आले. "यंदा भिंत फक्कड झालीय," ते म्हणाले. "अगदी कोरी. रंगाऱ्याला शंभर रुपये जास्त दे."

मला हसू आवरेना. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर हात धरला. ताई मागोमाग आली, पण ती हसत नव्हती. "उद्या तो तुझा जांभळा स्वेटर घालून ये," म्हणाली.

मी घालून गेलो. भावोजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काळा शोभतो तुला," ते म्हणाले. "काळा चालेल. काळा काही रंग नव्हे."

त्यावर मात्र माझं हसू मावळलं. मला 'कोवळं ऊन' आठवलं. तीन वर्षांपूर्वी भावोजींनी एका पट्टीला ते नाव दिलं होतं, आणि पट्टी होती सरळसरळ राखाडी. गोदामात आम्ही म्हणालो, रंगरावांचं डोकं चालतं कुठल्या कुठे! साहेबांनी सभेत सांगितलं की ही खरी प्रतिभा. गिऱ्हाइकं दुकानात यायची, राखाडी पट्टीवरचं नाव वाचायची आणि म्हणायची, खरंच की हो, ऊन पडल्यासारखं वाटतंय. त्या वर्षी सगळ्यात जास्त तोच रंग खपला आणि भावोजींना समारंभात भिंतीवरचं घड्याळ मिळालं. टिकटिक करणारं ते हेच. ती पट्टी तेव्हापासून कायम त्यांच्या खिशात असायची.

त्याच सुमारास ते अधूनमधून गोदामात उतरून मला विचारू लागले होते, "काय रे, या पट्टीकडे बघून तुला काय वाटतं? सहज विचारतो. सामान्य माणसाचं मत." मी छाती फुगवून सांगायचो. मला वाटायचं, भावोजी आता आपल्याला मानायला लागले. आठवून मला माझीच लाज वाटली.

"सांगायला हवं त्यांना," मी म्हणालो.

"सांग की."

"मी?"

"मग मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधू? तीस वर्षं त्या डोळ्यांच्या जिवावर मान ताठ ठेवून चाललाय तो माणूस. त्याला जाऊन काय सांगू, तुम्हाला दिसत नाही? ओरडले असते तर बरं झालं असतं रे."

तीन दिवस असेच गेले. भाजी करपली, दूध दोनदा उतू गेलं, आणि भावोजी पिवळ्या भिंतीसमोर बसून ताजेतवाने होत राहिले. पाचव्या दिवशी ती सरळ खोलीत शिरली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. दार उघडंच राहिलं, म्हणून मला स्टुलावरून सगळं ऐकू आलं.

"अहो, ही भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"हा काय प्रश्न झाला? पांढरी."

ताई गप्प. एरवी ती गप्प बसणाऱ्यातली नाही, आणि हे भावोजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते म्हणाले, "नाही का?"

"नाही."

"किती नाही?"

"लोणकढं."

खुर्ची करकरली. मला वाटलं आता उठतील, पण ते उठले नाहीत. "मला वाटलं डोकं थकलंय," ते म्हणाले. "पट्टी धरली की सगळं मळकट दिसायचं. म्हटलं, मन धुतलं की उजळेल. म्हणून दर वर्षी दिवस वाढवत गेलो." मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "डोळे दाखवले असते आणि डॉक्टरांनी हे सुधारायचं नाही म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी कुठे जाऊन बसलो असतो?"

ताई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी तोवर स्टूल उचलून जिन्यात नेलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी दिवा मारून दोन्ही डोळे तपासले. "मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. काका, इतकी वर्षं काय करत होता?"

"विश्रांती," भावोजी म्हणाले.

ऑपरेशन एका डोळ्याचं आधी करायचं ठरलं. बाईंनी सांगितलं, बहुतेक वेळा नीट होतं, पण आत काय आहे ते उद्याच कळेल. त्या 'बहुतेक'ला धरून ताईने रात्र काढली. दुसऱ्या दिवशी ते वीस मिनिटांत आटोपलं. डोळ्यावरची पट्टी काढायच्या सकाळी मी ताईला म्हणालो, "किल्ली मिळाली मला. पटकन पांढरा मारून टाकू?"

"हात लावायचा नाही भिंतीला," ती म्हणाली.

दुपारी भावोजी काळा चष्मा लावून घरी आले. बोलले काहीच नाहीत. रिक्षात नाही, जिन्यात नाही. दवाखान्यात दिसतंय का विचारलं तर नुसती मान हलवली होती, आणि ती हो होती की नाही हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. बूट काढून ते सरळ मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

ताई आणि मी पुन्हा बाहेर उभे. एक मिनिट गेलं. ताईने माझं मनगट धरलं होतं. घड्याळ टिकटिकत होतं. तीन मिनिटं गेली.

"हे कुणी केलं?"

आवाज असा, की खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"हा काय रंग मारलाय? एक हात! एकच! तोही रोलरने! खालून ओल दिसतेय, कोपऱ्यात ब्रश फिरवलेला नाही, वर छताला शिंतोडे! कोण गाढव होता तो? आणि शंभर रुपये जास्त दिले त्याला?"

ते शंभर रुपये माझ्या खिशात होते. मी दाराकडे पाऊल टाकलं, तर ताईने मनगट सोडलं नाही. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली होती आणि पदराने तोंड दाबून हमसून हमसून रडत होती.

मग बहुधा खिशातली 'कोवळं ऊन'ची पट्टी त्यांच्या हाताला लागली. "आणि हे राखाडी ऊन कुठल्या शहाण्याने पाडलं?" मग थोड्या खालच्या आवाजात, "त्या बारा पट्ट्या आणा आधी. झाली विश्रांती!"

"जाऊन सांगू का, मी मारला म्हणून?" मी विचारलं.

"थांब," ताई डोळे पुसत म्हणाली. "ओरडू दे त्यांना. अजून स्वयंपाकघर बघायचंय."