एफी मॉन्डरचा कोट

मी नालबंद. वाइटेरेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक घोड्याचे चारही पाय कधी ना कधी माझ्या मांडीवर येऊन गेलेत. त्यामुळे घोड्यांचा विषय निघाला की ओवेन प्रॉसर मध्ये तोंड घालणारच, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बहुतेक वेळा माझं बरोबरच निघतं. एफी मॉन्डरच्या बाबतीत मात्र मी सपशेल तोंडावर आपटलो. ती असताना हे कबूल करायची मला लाज वाटायची. आता ती नाही, तिचा तपकिरी कोट माझ्या भट्टीमागच्या खोलीत खुंटीला टांगलेला आहे, तेव्हा सांगितलंच पाहिजे.

एफी कुंपणं दुरुस्त करायची. आमच्याकडे जिकडे बघाल तिकडे मेंढ्या, आणि मेंढ्या म्हटल्या की तारेची कुंपणं आलीच. मैलोन् मैल. कुठे खांब कलला, कुठे तार सैल झाली, कुठे दरड कोसळून कुंपणच ओढ्यात गेलं, की एफीला निरोप जायचा. उंच, हडकुळी बाई. पायात मेलेल्या भावाचे बूट, अंगात गुडघ्याखाली येणारा तो मेणकापडी कोट. खिशात पक्कड, खिळे, तंबाखूचा डबा आणि कागदात गुंडाळलेला एक स्कोन, म्हणजे आमच्याकडचा छोटा जाडसर गोड पाव. स्कोन आणि खिळे एकाच खिशात असायचे. तिच्याकडचा स्कोन खाताना जपून चावावं लागे.

डोंगरात कुंपणाला दारं मैलामैलावर. म्हणून आमच्याकडची माणसं घोड्यावरून कुंपण ओलांडतात. पण घोड्याला नुसती तार नीट दिसत नाही. म्हणून वरच्या तारेवर आपला कोट टाकायचा, म्हणजे घोड्याला उडी कुठून आणि किती मारायची ते कळतं. ही रीत आजोबा-पणजोबांपासूनची. कोट टाकतात सगळेच. पण एफीचं एक वेगळं होतं. ती आधी खाली उतरायची, कुंपणातून वाकून पलीकडे जायची, जिथे घोड्याचे पाय पडणार ती जमीन स्वतःच्या बुटांनी दाबून बघायची. भोक नाही, दगड नाही, दलदल नाही, अशी खात्री पटली की मगच कोट तारेवर पडायचा. पावसात भिजत का असेना, घाई असो, कुणी हसो.

"अगं, बघितल्याशिवाय टाकलास एखादा दिवस तर काय आभाळ कोसळेल?" मी एकदा म्हणालो होतो.

"घोडा माझ्या कोटावर भरवसा ठेवून उडतो," ती म्हणाली. "पलीकडचं त्याला दिसत नाही, मला दिसतं. तू नाल ठोक बाबा, तुझं तिथपर्यंतच बरं चालतं."

अशी तिची जीभ. 

तर बॅनक. हा मिस्टर रॅट्रेंचा घोडा, तांबूस, कपाळावर बोटभर पांढरं. रॅट्रे म्हणजे आमच्या खोऱ्यातले मोठे जमीनदार. घोडे स्वतःच पाळायचे, स्वतःच तयार करायचे आणि स्वतःच त्यांच्यावर चिडायचे. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी बॅनकने सपाटीच्या, म्हणजे बिनअडथळ्यांच्या, दोन मोठ्या शर्यती मारल्या. मग पाचव्या वर्षी त्याचं मन उडालं. पाय शाबूत, दम शाबूत, मी स्वतः चारही खूर तपासले होते. पण शेवटच्या वळणावर आला की हा गडी मागे राहायचा. 'जाऊ द्या त्यांना, मी आपला सावकाश येतो,' असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं. चाबूक मारला तर आणखी सावकाश.

रॅट्रे वैतागून एफीला म्हणाले, "ह्याला तुझ्याकडे घेऊन जा. खिळे तरी वाहील."

महिनाभर बॅनकने खरोखर खिळेच वाहिले. एफी त्याला कामावर न्यायची, सावलीत उभा करायची, अर्धा स्कोन द्यायची. मी नाल बदलायला गेलो तेव्हा विचारलं, "काय शिकवतेयस त्याला?"

"काही नाही. तो बघतोय."

"काय बघतोय?"

"मी काय करते ते. तूही बघ, पैसे नाही घेत मी."

महिन्यानंतर एका सकाळी तिने पलीकडची जमीन दाबून बघितली, परत आली, कोट तारेवर टाकला आणि बॅनकवर बसली. तो नुसता उडालाच नाही, तर पलीकडे उतरून त्याने मान वळवून मागे बघितलं आणि कान टवकारले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणखी एक आहे का, असंच विचारत होता तो! त्या दिवसापासून कोट दिसला की बॅनकच्या अंगात वारं भरायचं. अर्ध्या मैलावरून त्याला तपकिरी ठिपका दिसायचा आणि तो थेट तिकडे निघायचा.

दीड वर्षाने दक्षिण बेटावरची अडथळ्यांची सर्वांत मोठी शर्यत त्याने मारली. वर बसला होता पेने होहेपा, आमच्याच नदीकाठचा, बावीस वर्षांचा, कमी बोलणारा आणि हाताचा हलका जॉकी. आम्ही गुत्त्यात रेडिओभोवती गोळा झालो होतो. एफी दारात उभी राहून ऐकत होती, कारण त्या काळी बायका आत येत नसत. शर्यत संपल्यावर टोप्या उडाल्या, बिअर सांडली, आणि ही बाई दारातून म्हणते काय, "आता त्याला परत सपाटीवर न्या. आता तो पळेल."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

"एफी, उडी शिकलेला घोडा सपाटीला मेला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "त्याची टाप उंच पडते. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"तुझं डोकं तुझ्या नालासारखं आहे, ओवेन," ती म्हणाली. "कडेनं लोखंड आणि मधे काही नाही."

पण रॅट्रेंच्या डोक्यात वेगळंच होतं. उड्यांच्या शर्यती आमच्याकडे हिवाळ्यात आणि त्याही मोजक्या. इंग्लंडात त्या ढिगाने. उड्याच मारायच्या तर घोडा तिकडेच पाठवावा, असं त्यांनी ठरवलं. मार्चमधल्या जहाजात जागासुद्धा बोलून ठेवली. एफी त्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. हात कोटाच्या खिशात, आवाज मात्र कधी नव्हे तो खाली.

"त्याला पाठवू नका. इथल्या टेकड्यांवर तो हसायला शिकलाय."

"घोडे हसत नाहीत, एफी."

"तुम्ही बघितलं नसेल."

रॅट्रे चिडके होते, वाईट नव्हते. त्यांनी शेवटी सांगितलं, "जानेवारीत वेलिंग्टनला दोन मैलांची सपाट शर्यत आहे. तू म्हणतेस ना तो पळेल? सपाटीचाही घोडा आहे हे त्याने तिथे दाखवलं तर त्याला इथे वर्षभर काम आहे, मग राहू दे. नाही दाखवलं तर मार्चमध्ये जहाज."

एफी आयुष्यात वेलिंग्टनला गेली नव्हती. मी तिच्यासोबत आगगाडीने गेलो, खरं सांगायचं तर ती हरलेली बघायला. तिच्याकडे दुसरा कोट नव्हता. तो तपकिरी कोटच घासूनपुसून ती आली होती. आमचा जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. मैदानावर ऊन असं तापलं होतं की बायकांच्या टोप्यांवरची कागदी फुलंसुद्धा मलूल झाली. आम्ही शेवटच्या वळणापुढे बाहेरच्या कठड्याला टेकून उभे होतो. घोडे समोरून दोनदा जाणार होते. एफीला घामाच्या धारा लागल्या. तिने कोट काढला आणि कठड्यावर टाकला.

मी शेजारी उभा होतो. तीस वर्षं तो कोट तारेवर पडताना बघत आलो होतो. तरी मला धोका कळला नाही. तिलाही नाही. तिचा हात सवयीने गेला होता.

घोडे सुटले. पहिल्या फेरीत बॅनक आतल्या बाजूने तिसरा, हलका, मजेत. वळण घेऊन ते आमच्यासमोर आले आणि त्याचे कान ताठ झाले. एफीच्या तोंडून "अरे देवा" निघालं तोवर तो आतली बाजू सोडून तिरका आमच्याकडे यायला लागला होता. थेट कोटाकडे. पेनेने सगळं वजन टाकून लगाम ओढला. कठडा चार हातांवर राहिला तेव्हा कुठे घोडा वळला. लोक किंचाळत मागे पळाले. पेनेने त्याला सरळ करेपर्यंत बाकीचे सगळे पुढे निघून गेले होते. बॅनक शेवटचा, सगळ्यांच्या मागे दहा घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतरावर.

एफीने कोट ओढून घेतला. चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. "एफी, पळ! शर्यत संपते त्या खांबाच्या पुढे जाऊन कठड्यावर टाक तो! दुसऱ्या फेरीत बाणासारखा येईल, सगळ्यांना मागे टाकून! दोन मिनिटं आहेत, पळ!"

तिने कोट छातीशी धरला.

"पलीकडे माणसं उभी आहेत, ओवेन."

"पेने आवरेल त्याला!"

"आणि नाही आवरला तर? मी आजवर त्याला खोटा कोट दाखवलेला नाही. आता एकदा झाला, चुकून. मुद्दाम नाही करणार."

"अगं, तो जहाजात जाईल!"

"जाईल," ती म्हणाली, आणि कोटाची घडी करून गवतावर ठेवून त्यावर बसली. उभी राहिली असती तर समोरची शर्यत दिसली असती. ती बसली, कारण कोट झाकायचा होता. सगळ्यांच्या पायांमधून तिला फक्त टापा ऐकू येत होत्या.

"सांग मला," ती म्हणाली.

मी सांगत गेलो. शेवटचा. अजून शेवटचा. दोघांना गाठलं. चौघांना. वळणावर, जिथे तो पूर्वी मन सोडायचा तिथेच, तो पसरला. मी पुढे काय ओरडलो ते मला आठवत नाही. आमच्यासमोरून गेला तेव्हा पाचवा होता. खांबाशी दुसरा. मानेएवढ्या अंतराने हरला.

"हरला," मी म्हणालो. ती उठली, गवत झटकलं आणि घोड्यांच्या तबेल्यांकडे चालायला लागली.

तिथे रॅट्रे पेनेला फाडून खात होते. "हात आहेत की लोण्याचे गोळे? सरळ मैदानात घोडा धरता येत नाही! पुन्हा माझ्या घोड्याला शिवू नकोस." पेने मान खाली घालून खोगीर सोडत होता. त्याने कोट पाहिला होता. मला खात्री आहे. पण तो चकार शब्द बोलला नाही.

एफीने कोट रॅट्रेंच्या समोर धरला.

"पेनेला बोलू नका. हा मी कठड्यावर टाकला होता. विसरून. घोडा उडी मारायला निघाला होता. पेने नसता तर आज माणसं मेली असती."

रॅट्रेंनी कोटाकडे बघितलं. "तुला कळतंय ना काय सांगतेयस? ज्याच्यासाठी माझ्या ओसरीवर तिष्ठत उभी राहिलीस, ते तूच घालवलंस."

"कळतंय."

"गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"पेनेला कळलं होतं. आणि घोड्याला बोल लागला असता. त्याने शिकवलं तेच केलं. चुकले मी."

रॅट्रे वळले. बॅनककडे बघत राहिले. त्याचं अंग घामाने काळं झालं होतं आणि नाक एफीच्या खिशाशी स्कोन हुडकत होतं. मग त्यांनी पेनेला विचारलं, अगदी हळू, "किती मागे पडला होतास?"

"दहा घोडे. जास्तच असेल, पण कमी नाही."

"दहा घोडे मागून येऊन मानभर हरला," रॅट्रे स्वतःशीच म्हणाले. मग टोपी काढून कपाळ पुसलं. "हा सपाटीचा घोडा नाही तर कोण आहे? जहाजवाल्यांना तार करतो, जागा नको म्हणून. पेने, झालं गेलं विसर. आणि एफी, हा कोट पुन्हा मैदानावर दिसला, तर मार्चच्या जहाजात तुला घालीन."

एफीने मान हलवली. मग तोंड बॅनकच्या मानेत खुपसलं. मी तिला पहिल्यांदा तसं पाहिलं.

त्या हिवाळ्यात बॅनकने पुन्हा अडथळ्यांची मोठी शर्यत मारली आणि जानेवारीत आम्ही परत वेलिंग्टनला. या खेपेला ऐन उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला होता आणि सकाळपासून बोचरा पाऊस. एफी बिनबाह्यांच्या फुलाफुलांच्या सुती झग्यात कठड्याशी उभी. ओठ निळे पडलेले. मी माझा कोट काढून पुढे केला.

"घाल मुकाट्यानं. हा माझा आहे. काळा आहे. त्याला काय कळतंय?"

"कोट तो कोट. दूर ने."

"थंडीने मरशील, म्हातारे!"

"मरेन. तो सरळ पळेल."

मग माझाही कोट मी घडी करून बगलेत दाबला, काय करणार. दोघंही भिजलो. बॅनक दोन्ही फेऱ्यांना आमच्यासमोरून आतल्या कडेने रेघ ओढल्यासारखा गेला आणि तीन घोडे अंतराने जिंकला. मी ओरडत होतो. आजूबाजूचे लोक बघत होते की हा म्हातारा रडतोय की पाऊस आहे.

परत येताना पेनेने त्याला बाहेरच्या कडेने आणलं. आमच्यासमोर येऊन बॅनक थांबला. त्याने एफीकडे बघितलं, मग कठड्याकडे, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कान टवकारलेले. मी ते कान टेकडीवर पाहिले होते.

एफीने कठड्यावरचे हातसुद्धा काढून घेतले.

"नाहीये रे राजा," ती म्हणाली. "आज काही नाहीये. जा, सरळ जा."

तो क्षणभर उभा राहिला, मग पेनेबरोबर निघून गेला. एफी थंडीने कुडकुडत होती. मी बगलेतला कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला, आणि या वेळी तिने तो अंगाभोवती ओढून घेतला.