करगोट्याला बांधलेली किल्ली

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा दाराच्या चार किल्ल्या हातात आल्या. एक माझी, एक नवऱ्याची. उरलेल्यांपैकी एक सासूबाईंना द्यायची आणि एक माझ्या आई-वडिलांना, हे मीच ठरवलं. दोन्ही घरांना सारखा मान, असं तेव्हा मोठ्या ऐटीत बोलूनही दाखवलं होतं. पुढची काही वर्षं मी दोन्ही घरांवर धुसफुसत राहिले. एकीकडे किल्ली वापरतात म्हणून, आणि दुसरीकडे वापरत नाहीत म्हणून.

सासूबाई शहरातच, द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या जुन्या घरात एकट्या राहतात. किल्ली दिली त्याच दिवशी त्यांनी ती आपल्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून टाकली आणि जुडगा कमरेला खोचला. आम्ही दोघं कामावर गेलो की मनात येईल तेव्हा रिक्षाने यायच्या. मी लॅबमधून परत यावं तर गॅसवर मेथीची भाजी झाकून ठेवलेली, पोह्यांचा डबा खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेलेला, बाल्कनीतली तुळस ऊन येतं त्या कोपऱ्यात सरकवलेली. दोरीवरचे कपडे घडी होऊन कपाटात असायचे, माझे आतले कपडेसुद्धा. एकदा तर ओट्यावर नवाकोरा माठ येऊन बसला. आमच्याकडे पाण्याचा फिल्टर आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या की फिल्टरचं पाणी घशाखाली उतरतं, पण तहान भागत नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, निदान फोन करून यायला सांग. तो सातपूरला कारखान्यात पाळीने काम करतो; घरी असतो तेव्हा त्याला शांतता लागते आणि ती मिळवायची त्याची पद्धत म्हणजे कुणालाच काही न बोलणं. तिला काय सांगू, तो म्हणाला, तिला हे परकं घर वाटतच नाही. मला या उत्तराचा फार राग आला. मग थोड्या वेळाने तो अगदी सहज म्हणाला, तुझ्या अण्णांकडेही किल्ली आहेच की. ते मला जास्त झोंबलं.

कारण अण्णांकडे किल्ली होती, पण तिने आमचं कुलूप कधी पाहिलं नव्हतं. माझे वडील येवल्याचे. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांनी किल्ली घेतली, दोन्ही बाजूंनी निरखली आणि करगोट्याला बांधली, घरच्या तिजोरीची असावी तशी. मला तेव्हा बरं वाटलं होतं. पण कधीही नाशिकला आले की खाली थांबून फोन करायचे, मी घरी आहे याची खात्री करायचे, वर येऊन बेल वाजवायचे आणि मी दार उघडल्यावर पायरीपाशी चपला काढून, येऊ का, असं विचारायचे. स्वतःच्या लेकीला.

आणि माझ्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता फारसं कुणी पाळत नाही. माझी चुलत बहीण आमच्याच गल्लीत दिली, तिच्या घरीसुद्धा अण्णांनी ती पाळली होती आणि तिच्या मुलाच्या बारशाला ताट मागून घेऊन जेवले होते. त्यामुळे आमच्या लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं मला त्यात गंमतच वाटायची. ते येताना बाटली भरून आणायचे, ओलं फडकं गुंडाळलेली. कंडक्टरची सवय आहे, असं माझ्या नवऱ्याला सांगायचे. डबाही आणायचे. भाकरी, ठेचा, कांदा. माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून डब्याच्या झाकणावर जेवायचे.

आई बरोबर असली की तीही तसंच. फक्त तिला स्वयंपाकघरात राहवायचं नाही. मी आमटी करत असले की ती पळीतून दोन थेंब तळहातावर घेऊन चाटायची आणि म्हणायची, मीठ कमी आहे. मी म्हटलं, खाल्लंस की. तर म्हणे, चव पाहणं म्हणजे खाणं नव्हे. असं चव पाहता पाहता एकदा तिने अर्धी वाटी श्रीखंड संपवलं.

पुढे गंमत संपली. आम्हाला मूल होईना. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, नाशिकचे डॉक्टर झाले, मुंबईचेही झाले. मी लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट हाताळते. माझ्या रिपोर्टांचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटी आम्ही दोघांनी थांबायचं ठरवलं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या माझ्यासमोर बसून रडल्या, डोळे पुसले आणि विषय संपवला. नंतर कुणी शेजारणीने मला विचारलं की त्याच मधे पडून तिला गप्प करायच्या. एवढं त्यांचं मला मानावंच लागतं. आईला मी फोनवर सांगितलं. तिने अण्णांना सांगितलं असणार. ते मात्र माझ्याशी या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत. बाटली तेवढी येत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला. तपासायला नाशिकला बोलावलं होतं. मला सुट्टी नव्हती, म्हणून मी बजावून सांगितलं की दवाखान्यातून सरळ घरी जा, दार उघडा, पंखा लावून पडा, मी संध्याकाळी येते. ते हो म्हणाले. संध्याकाळी मी गेटमधून आत शिरले तर अण्णा वॉचमनच्या खुर्चीवर बसलेले. वॉचमन शेजारी उभा. त्यांची बाटली रिकामी, आणि हातात वॉचमनचा स्टीलचा पेला. काका दुपारपासून इथेच आहेत, वॉचमन मला जरा रागानेच म्हणाला, पाणी संपलं होतं, मी दिलं.

वॉचमनच्या हातचं पाणी चालत होतं. चार जिने वर माझ्या घरातलं चालत नव्हतं. मी त्यांना लिफ्टने वर नेलं. दार उघडलं, त्यांना सोफ्यावर बसवलं, पंखा लावला आणि मग मला आवरेना.

"अण्णा, मला मूल होणार नाही," मी म्हटलं. "आईने सांगितलंय ना तुम्हाला? मग तुम्ही माझ्या घरचं पाणी जन्मभर पिणार नाही का?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मला वाटलं, उठून जातील. ते सावकाश बोलले.

"रीतीचं मला काय पडलेलं नाय गं. सगळा जन्म एसटीत गेला, कुणाच्या हातचं नाय पिलो? पण तुझ्या घरी पिलो म्हंजे मीबी मानलं, असं व्हईल. तू मानलं, जावयांनी मानलं, डाक्टरनं मानलं. कुणीतरी वाट पाह्याला नको का?"

एवढी वर्षं मी त्या बाटलीवर चिडत होते. ती मला माझ्या उणेपणाची आठवण वाटायची, दर भेटीला टेबलावर आणून ठेवलेली. तो त्यांचा नवस असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण समजलं म्हणून दुखायचं थांबलं असंही नाही. मी थकले होते. मला वाट पाहणारं कुणी नको होतं, माझ्या घरात पाय पसरून बसणारा बाप हवा होता. हेही मी त्यांना सांगितलं, याच शब्दांत. ते उठले. शेवटच्या गाडीची वेळ होईल म्हणाले आणि निघाले.

ऑपरेशनच्या दिवशी आई सोबत होती. मी राहायचा आग्रह केला, पण राहायचं म्हणजे जेवायचं आलं, म्हणून दोघं त्याच संध्याकाळी भाड्याची गाडी करून येवल्याला परत गेले. मी गाडीच्या खिडकीतून आत डोळ्यांच्या थेंबांची बाटली दिली. तेवढीच माझ्या हातची एक बाटली त्यांनी घेतली, असं मी नवऱ्याला म्हटलं. त्याला हसावं की नाही ते कळेना.

मग ते परत दाखवायला आले, एकटेच, काळा चष्मा लावून. त्या दिवशीही मला लवकर निघता आलं नाही. नवऱ्याची पहिली पाळी होती, पण त्याला जादा वेळ थांबवून घेतलं. मी दिवसभर कामात असूनही मनाने त्या वॉचमनच्या खुर्चीशी होते. उन्हात असतील, डोळ्यात धूळ जाईल, आणि मी सांगून काही उपयोग नाही.

संध्याकाळी आले तर खुर्चीवर वॉचमन स्वतः बसला होता. वर गेले तर दार नुसतं लोटलेलं. आत अण्णा सोफ्यावर, पाय वर घेऊन, काळ्या चष्म्यातून टीव्ही पाहत. समोर सासूबाई लसूण सोलत होत्या. दोघांचं कशावरून तरी हसणं चाललं होतं, मला पाहून थांबलं.

"अगं, मी आले आणि पाहते तर माझी किल्ली घरीच राहिलेली," सासूबाई मला म्हणाल्या. "नशीब तुझे अण्णा खाली भेटले. त्यांच्याकडे होती म्हणून आत तरी आलो."

मग त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. अण्णा दारापाशी कसे घुटमळले, करगोट्याची गाठ सुटता सुटेना, सदरा वर करावा लागला तेव्हा सासूबाईंनी कसं जिन्याकडे तोंड फिरवलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला कुलुपाचं भोक दिसेना, तेव्हा त्यांनीच वळून, भाऊ जरा डावीकडे, असं सांगितलं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. एवढी वर्षं त्या धाग्यात अडकलेली किल्ली सेंटर टेबलावर पडली होती, घामाने काळवंडलेली.

मी सासूबाईंमागून स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या कमरेला जुडगा होता. माझ्या घराची किल्ली आणि त्यांच्या घराची किल्ली एकाच कडीत असते, हे मला ठाऊक आहे. आपलं दार बंद केल्याशिवाय त्या द्वारकेहून निघाल्या कशा? मी जुडग्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी पदर ओढून जुडगा झाकला. अण्णांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. बिनतिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखणारा कंडक्टर आहे तो.

ओट्यावर माठाशेजारी दोन पेले होते. दोन्ही वापरलेले.

"ऊन लागलंय, मला पाणी द्या, असं मी त्यांना म्हटलं," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पेले कुठे असतात तेही त्यांना ठाऊक नाही बघ, सगळी कपाटं उघडून पाहिली. मी एकच मागितला होता. दोन त्यांनी भरले."

मी पेल्यांकडे पाहत राहिले. मला हवं होतं तेच झालं होतं. बाप किल्लीने दार उघडून माझ्या घरात आला होता, माझ्या ओट्यापाशी उभा राहून पाणी प्याला होता. आणि मला रडू फुटलं, कारण माझ्या बाळाची वाट पाहणारं आता या जगात कुणी उरलं नव्हतं. सासूबाईंनी लसणाचे हात पदराला पुसले आणि माझ्या पाठीवरून फिरवले. 

तोंड धुऊन बाहेर आले. अण्णा टीव्ही बंद करून बसले होते. काळ्या चष्म्यामागे त्यांचे डोळे मला दिसत नव्हते, पण मान माझ्याकडेच होती. मी विचारलं, चहा टाकू का. एरवी नको म्हणायचे, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत.

"टाक," ते म्हणाले. "साखर लय नको."