वैतरणेत सोडलेला नारळ

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, मग सांगतो. असला शहाणपणा माझ्याशिवाय कुणाला सुचायचा नाही!

माझं गाव त्र्यंबककडे, डोंगरात. वैतरणा आमच्याकडेच उगम पावते. शेताखाली ती इतकी बारीक, की म्हैस आडवी बसली तर तुंबते! मी मात्र खाली समुद्राकडे, बोईसरला कारखान्यात, खोली बेटेगावात. शेजारी सगळे हिंदी बोलणारे. माणसं चांगली आहेत, पण आठवडेच्या आठवडे घरच्यासारखं बोलायला कुणी नाही हो. फार एकटं वाटतं.

नागपंचमीला सुट्टी मिळाली नाही. आई फोनवर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुझ्या नावानं नदीत नारळ सोडते. ती तुझ्याकडंच येती ना?"

आता वाटेत धरणं आहेत, हे मला ठाऊक नाही का? आहे ठाऊक! पण एकट्या माणसाची अक्कल चरायला गेलेली असते. रविवारी दातिवऱ्याला गेलो, वैतरणा समुद्राला मिळते तिथे, आणि काठावर बसून राहिलो. काही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. आणि काय सांगू! कुंकू लावलेला नारळ डुलत डुलत थेट माझ्या पायाशी!

मी तो छातीशी धरला आणि भोकाडच पसरलं. चाळिशीतला बाप्या!

"ओ दादा, माजा नारळ हाय तो!" टोपली काखेत घेतलेली एक कोळीण मावशी धावत आली. "आताच होडी पाण्यात घातली, तवा सोडला."

"नाही हो मावशी, माझ्या आईनं सोडलाय. डोंगरातून आलाय."

"डोंगरातून? अरं, भरती हाय! पाणी दर्याकडनं आत येतंय, दिसत नाय तुला?"

पाहतो तर खरंच, नदी उलटी चाललेली. आम्हा डोंगरातल्यांना पाणी खाली जातं, एवढंच माहीत!

मावशी हसून हसून मटकन खालीच बसली. मग तिनं नारळ तिथंच दगडावर फोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. "खा. रडू नको."

आईला फोन लावला. "आये, तुझा नारळ..."

"अरे, तो कुठला जातोय! दहा पावलांवर दगडात अडकला. वाया कशाला घालवायचा? काढून आणला, चटणी केली. तुझ्या वाटची दोन दिवस ठेवली होती."

म्हणजे बघा. मावशीचा नारळ भरतीनं माघारी आणला, आईचा आईनं. घर सोडून परत न गेलेला नारळ एकच, आणि तो दातिवऱ्याच्या काठावर खोबरं खात बसला होता.