सगळ्या कळपाचं औषध

आमच्या मामांच्या लेखी जगात माणूस नावाचा प्राणीच नव्हता. होती ती सगळी दोन पायांची मेंढरं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भवानीनगरच्या बाजूला राहायचे. चराईची रानं उसाखाली गेली तशी त्यांनी मेंढरं विकली आणि स्वतःही ऊस लावला, पण नजर मेंढपाळाचीच राहिली. कुणी खोकलं की म्हणायचे, "ह्याला बाजूला बांधा." माझ्या बहिणीला बघायला वालचंदनगरचा एक मुलगा आला, तेव्हा पोहे पुढं येण्याआधीच मामांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली. पोटात जंत झाले की मेंढराची पापणी आतून पांढरी पडते म्हणे. "रगात झ्याक हाय. द्या पोरगी," एवढं बोलून ते सुपारी कातरायला बसले. तोच मुलगा माझा मेहुणा झाला, पण मामांसमोर कायम डोळे बारीक करून बसायचा.

नव्वद सालानंतरच्या एका वर्षी मामांच्या आतड्यात कॅन्सर निघाला. पुण्यात ऑपरेशन झालं. पुढं इंजेक्शनं आणि गोळ्या घ्यायच्या होत्या, नाहीतर दुखणं उलटायची भीती होती. मामा ऐकेनात. "कापलं त्येवढं बास. म्हातारं जनावर लई वडायचं न्हाय." आत्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. शेवटी डॉक्टर सहज म्हणाले की यातली लेव्हामिसॉलची गोळी मूळची जंतांवरची, मेंढरांनाही देतात. आता इंजेक्शनांच्या जोडीला या कॅन्सरवरही देऊ लागलेत. मामा ताठ बसले.

"म्हंजी पावसाळ्याच्या तोंडाला आमी पाजत हुतो त्ये?"

"औषध तेच. गोळी मात्र माणसांची."

"मग आदी का न्हाय सांगितलं? द्या हिकडं."

घरी आल्यावर नवाच घोळ. "येकट्यानं घिऊन काय उपेग? येक मेंढरू पाजून बाकीची सोडली, तर जंत परत त्येच्याच पोटात. समदा कळप येका दिशी पाजावा लागतो." कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. "तू कवा मेंढरं राखलीस?" म्हणून त्यांनी गोळी परत पुडीत बांधली.

तेव्हा आत्यानं सुंठ-गुळाचं पाणी उकळलं, "हे कळपाचं" म्हणाली आणि आम्हा सगळ्यांना ओसरीवर ओळीनं बसवलं. मामा एकेकाची हनुवटी वर करून गालाच्या कडेनं चमचा ओतायचे, मग स्वतःची गोळी गिळायचे. नंतर प्रत्येकाच्या पाठीवर थाप देत मोजायचे आणि म्हणायचे, "कळप पुरा हाय." त्यानंतरच आम्ही उठायचं. गोळी पंधरवड्यातून तीनच दिवस असायची; त्या दिवशी मेहुणाही वालचंदनगरहून हजर व्हायचा. इंजेक्शनांनी मामा गळून जात, तोंड येई, पण ओळ बसली की उठून येत.

वर्षभरानं डॉक्टरांनी आता पुरे म्हटलं. गोळीनं किती काम केलं आणि इंजेक्शनांनी किती, देव जाणे. पुढं डॉक्टरांनी या कॅन्सरवर ती गोळी देणंही सोडलं. गोळीच्या शेवटच्या दिवशी मी म्हणालो, "मामा, आता आमचंही औषध बंद ना?"

"सुंठपानी हाय त्ये. वासावरनं पयल्याच दिशी कळलं हुतं," मामा हसले. "पर येकट्यानं घ्यायाचं भ्या वाटत हुतं रं."

त्यानंतर मामा पुष्कळ वर्षं जगले, चांगले म्हातारे होऊन गेले. दिवाळीला आम्ही अजून आत्याच्या ओसरीवर जमतो, ती सुंठपाणी देते. पेले रिकामे होतात, तरी कुणी उठत नाही. पाठीवर थाप पडल्याशिवाय उठायचं नसतं, ही सवय काही आमची सुटत नाही.