शालूबायचा गुरुवार

रेणुकाचा फोन आला तेव्हा मी पणजीच्या ऑफिसात एक पत्र टाइप करत होतो. "सर, शालूबाय गेल्या ओ," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेलं पत्र पूर्ण केलं. तारीखसुद्धा बरोबर घातली. त्याला आता महिना होत आला... अजून मला नीट काही वाटत नाही. निदान काय घडलं ते लिहितो.

गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती. आमच्या संस्थेचा तीन वर्षांचा आरोग्य प्रकल्प डिचोली तालुक्यात सुरू झाला आणि मी पर्यवेक्षक म्हणून कारापूरला जाऊ लागलो. दर गुरुवारी शालूबायच्या बल्कांवात, घरापुढच्या बाकांवर, बायका जमत. रक्तदाब तपासायचा, मीठ कमी कसं करायचं, गोळ्या मध्येच का सोडायच्या नाहीत ते बोलायचं. शालूबाय विधवा, शेतात राबणारी, चौथीपर्यंत शिकलेली. रक्तदाबाचं मशीन मात्र आठवड्यात शिकली. पण वर्षभरानं तिनं त्याला हात लावणंच सोडलं. मांडीवर हात ठेवून बसायची आणि बाकीच्यांकडून करून घ्यायची. चुकलं तर पुन्हा. वेळ जायचा, मी वैतागायचो. "बाय, तुम्हीच करा ना पटकन."

"मी केलां तर ह्यो कशाक शिकतल्यो?" एवढंच म्हणायची.

रेणुकाही त्या बायकांतलीच, बेळगावकडची, बांधकामावर विटा वाहणारी. तिनं पहिल्यांदा दंडाला बांधायचा पट्टा हातात घेतला तेव्हा शेजारची एक बाई उठून उभी राहिली. भायल्या, बाहेरून आलेल्या बाईकडून आपण तपासून घेणार नाही, म्हणाली. शालूबायनं वाद घातला नाही. स्वतःची बाही वर केली आणि हात रेणुकापुढे धरला. तीन वेळा रेणुकाला आकडा सापडला नाही... चौथ्यांदा सापडला. शेजारीण कितीतरी गुरुवार आली नाही. मग आली.

प्रकल्प संपला. सामान परत मागणारं पत्र माझ्याच सहीनं गेलं आणि जीप घेऊन मीच गेलो. अहवालात मी लिहिलं होतं, 'उपक्रम एका व्यक्तीवर अवलंबून. पुढे टिकण्याची शक्यता कमी.' शालूबायनं मशीन पुसून डब्यात घालून दिलं. "ह्यां व्हर, बाबा," म्हणाली. "गुरुवार हंयच रवतलो." मशीन गेलं तरी गुरुवार इथेच राहील, हा मला भाबडेपणा वाटला. पुढचे काही गुरुवार बायका नुसत्याच जमल्या. मग आरोग्य केंद्रातल्या नर्सच्या मागे लागून तिथलं मशीन दुपारपुरतं मागून आणू लागल्या. हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर मी एकदाही फिरकलो नव्हतो.

शालूबाय गेली मेंदूतल्या रक्तस्रावानं. स्वतःची रक्तदाबाची गोळी तिनं एकही दिवस चुकवली नव्हती, असं रेणुका सांगते. तरीही...

बाराव्यानंतरच्या गुरुवारी मी कारापूरला गेलो. चार शब्द बोलावे लागतील म्हणून जुळवूनही नेले होते. कुणी मागितले नाहीत. बायका तपासून घेत होत्या, एकीच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी चालली होती. मला बघून एकीनं सरकून जागा केली. मी बसलो आणि हात पुढे केला.

"आधी पाच मिनिटं गप बसायचं ओ सर," रेणुका म्हणाली. "बाय तसंच बसवायच्या."

मी गप बसलो. मग तिनं पट्टा बांधला, नळ्या कानाला लावून ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं.

"जास्त आहे की ओ. डॉक्टरना दाखवा. आणि पुढच्या गुरुवारी या."

मी हो म्हणालो.